लॅमिनेशनमधला बुडबुडा

प्रेम ही माणसाच्या आयुष्यातली सगळ्यात उदात्त घटना असते. सुईच्या आयुष्यात ती लॅमिनेशनच्या दुकानात घडली, आणि त्या वेळी तिला काउंटरखाली शिरावंसं वाटत होतं.

सुई म्हणजे पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढणारी. वय चौतीस, हात हलका, शीर पहिल्या फटक्यात सापडणार. म्हणून हे नाव, आणि घरीदारी सगळे तिला त्याच नावाने हाक मारत. लग्नाचा विषय निघाला की "मला काही नको बाई" हे वाक्य तिने इतकी वर्षं म्हटलं होतं, की लोकांनी विचारायचंच सोडून दिलं. लोक आपलं इतकं मनावर घेतील अशी तिची कल्पना नव्हती.

अशात एका रविवारी वहिनी तिला ओढत व्हिजन बोर्डच्या शिबिराला घेऊन गेली. शिबिरातल्या बाईंचं म्हणणं सोपं होतं. जे हवं त्याचं चित्र कापा, कार्डशीटवर चिकटवा, खाली नेमकं लिहा, रोज बघा. "मोघम मागाल तर मोघमच मिळेल!" सुईने स्वतःची लॅब चिकटवली, पोहण्याचा तलाव चिकटवला, गच्चीतली झाडं चिकटवली. उजवा कोपरा रिकामा ठेवला.

तो तिने घरी येऊन, दाराला कडी लावून भरला. चोरी करावी तसा. मासिकांतले पुरुष एक तर दात दाखवत होते, नाहीतर गुडघा धरून बसले होते. शेवटी वर्तमानपत्रातून पडलेलं एक हँडबिल सापडलं. कोट घातलेला माणूस, त्याच्या खांद्याला टेकलेली बाई. माणूस कॅमेऱ्याकडे असा बघत होता, की जणू चुकीच्या खोलीत आलाय आणि सांगायला संकोचतोय. हँडबिल कशाचं आहे हे तिने वाचलंही नाही. जोडपं कापलं, आणि बाईच्या चेहऱ्यावर स्वतःचा पासपोर्ट फोटो चिकटवला. फोटो मोठा पडला. बायकोचं डोकं नवऱ्याच्या दीडपट झालं. खाली नेमकं लिहिलं: 'शांत. ऐकून घेणारा. घोरत नाही.'

दोन आठवड्यांत तलाव सुटून चहाच्या कपात पडला.

"लॅमिनेट करून घे," वहिनी म्हणाली. "अशी सांडायला लागली तर स्वप्नं पुरायची कशी?"

दुकान बाजाराच्या टोकाला होतं. गरम प्लास्टिकचा वास, भिंतभर रिकाम्या फ्रेम्स, आणि काउंटरमागे दोन दिवसांची दाढी वाढलेला, बोटांना गोंद लागलेला दुकानदार. त्याने कार्डशीट उलगडलं. बघितलं. मग चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "हा कोट भाड्याचा होता."

सुईला आधी कळलंच नाही. तिने वर पाहिलं. दाढी वजा केली… कोट चढवला…

"अरे देवा."

"मागच्या महिन्यात दुकानाची जाहिरात काढली. मॉडेल परवडेना, म्हणून मीच उभा राहिलो." त्याचे कान लाल झाले होते. "आणि हे तुमचं डोकं आहे ना, त्याच्याखाली… माझी ताई आहे."

"तुमची पत्नी नव्हे?"

"नाही हो. पत्नी असती तर ताईला कशाला त्रास दिला असता?"

मग त्याची नजर खालच्या ओळीवर गेली. तो वाचतोय हे तिला दिसलं. 'शांत'पाशी तो थांबला, 'ऐकून घेणारा'पाशी रेंगाळला… 'घोरत नाही'पर्यंत तो पोचायच्या आत सुई दुकानाबाहेर होती. बोर्ड तिथेच राहिला.

पुढचा आठवडा तिने बाजाराकडे पाठ फिरवून काढला. लाज त्याने स्वतःचा चेहरा ओळखल्याची नव्हती, ती एक वेळ पचली असती. पंधरा वर्षं जे कुणाला कळू दिलं नव्हतं, म्हणजे तिला हवं होतं हे, आता एका परक्या माणसाच्या काउंटरवर उघडं पडलं होतं. तेही सुवाच्य अक्षरात. वहिनी रोज विचारायची, "बोर्ड आणलास?" सुई म्हणायची, "मशीन बिघडलंय."

आठव्या दिवशी सकाळी, बोर्डवरच्या लॅबच्या चित्रावरून माग काढत, दुकानदार लॅबमध्ये आला. दाढी केलेली, काखेत लांबट पाकीट.

"कसली तपासणी?" सुईने फॉर्मकडे बघत विचारलं.

"जी असेल ती."

"डॉक्टरांची चिठ्ठी?"

"नाहीये."

"मग साखर करते. उपाशी आहात?"

"आठवडाभर नीट जेवण गेलेलं नाही… चालेल?"

तिने दंडाला पट्टा बांधला. तिच्या हातातली सुई बघून त्याने मान भिंतीकडे वळवली, डोळे मिटले. पंधरा वर्षांत पहिल्यांदा तिला शीर सापडेना.

"बोर्ड ताईनेही बघितला," तो भिंतीला म्हणाला.

"आई गं! काय म्हणाल्या?"

"डोकं मोठं आहे, पण माणूस सज्जन वाटतो."

सुईला हसू आलं, आणि त्या हसण्यात शीर सापडली. कापूस दाबून धरायला सांगून ती वळणार, तेवढ्यात तो म्हणाला, "एक विचारू? तो उजवा कोपरा… खरा आहे, की शिबिरातला गृहपाठ?"

गृहपाठ म्हटलं असतं तर सुटली असती.

"मला काही न—" ती थांबली. "खरा आहे."

त्याने पाकीट उघडलं. बोर्ड गुळगुळीत, चकचकीत झाला होता. फक्त उजव्या कोपऱ्यात एक फुगवटा.

"फोटोवर फोटो होता ना, हवा राहिली. बरोब्बर आपल्या दोघांच्या मधे."

'आपल्या' म्हटलं हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. तो कापसाकडे बघू लागला, ती फॉर्मकडे.

"जातो का तो?" तिने विचारलं.

"जातो. बारीक सुईने टोचायचं, वरून दाबायचं."

तिने नवी सुई काढली, टोचलं. त्याने अंगठा ठेवला. हवा केव्हाच गेली. अंगठा तिथेच होता, आणि तिच्या बोटाला लागून होता.

"अजून एक," तो मान खाली घालून म्हणाला. "शेवटच्या अटीबद्दल… ताई म्हणते, अधूनमधून. अगदी हलकं."

"अधूनमधून चालेल," सुई म्हणाली.

सहा महिन्यांनी लग्न झालं. ताईने ते 'अधूनमधून' भावावरच्या मायेपोटी म्हटलं होतं. शेवटची अट खोडायची असं सुईने ठरवलं होतं, पण लॅमिनेशनवर पेन चालत नाही. बोर्ड हॉलमध्ये टांगलाय. सुई हॉलमध्येच झोपते.