गुरुवारची तुर्की शिकवणी

आखातातल्या आमच्या शहराच्या हूरा भागात, केरळी भाजीवाल्याकडे त्या दिवशी अळूची एकच जुडी उरली होती. मी हात पुढे केला आणि त्याच क्षणी पलीकडून दुसरा हात आला. रुंद, सावळा, नखांच्या कडांना ग्रीसची जुनी रेघ असलेला.

"ती जुडी माझी आहे," मी म्हणाले. मराठीतच म्हणाले.

"पाहिली तुम्ही असेल, बाईसाहेब... उचलली मी."

"वड्या करता येतात तुम्हाला?"

"नाही."

"मग उचलून उपयोग काय?"

त्या गृहस्थांनी जुडी माझ्या पिशवीत अलगद ठेवली. "उपयोग झाला की! वड्या कधी मिळतील?"

जुफैरच्या आमच्याच इमारतीत ते चौथ्या मजल्यावर राहतात, हे मला लिफ्टमध्ये कळले. जयप्रकाश बांदेकर, मूळ मालवणचे. अडतीस वर्षे त्यांनी इथल्या गोदीत जहाजांची इंजिने दुरुस्त केली होती. पत्नीला जाऊन नऊ वर्षे झाली होती. मी सातव्या मजल्यावर मुलगा सुयोग आणि सून श्रेया यांच्याबरोबर राहते. खरे म्हणजे ते दोघे माझ्याबरोबर राहतात. माझ्या वैधव्याला चौदा वर्षे झाली आहेत आणि या काळात कोणाही पुरुषाने माझ्या पिशवीत काही ठेवण्याचे धाडस केले नव्हते.

वड्यांची ताटली खाली गेली. ताटली रिकामी परत करू नये, हे मालवणच्या माणसाला सांगावे लागत नाही. पण ती परत आली ती तिळाने मढवलेली पावाची दोन गोल कडी घेऊन.

"तळमजल्यावरच्या नेरमिनने दिलीत," दारात उभे राहून जयप्रकाशराव म्हणाले. "मुद्दाम तुमच्यासाठी भाजली."

"माझ्यासाठी? ती मला ओळखत नाही."

"मी सांगितलं ना तिला..."

तिला. एकेरी. मी ती कडी श्रेयाला दिली. मला तिळाचे पथ्य आहे, असे सांगितले.

नेरमिन ही तुर्की बाई इमारतीखालची बेकरी चालवते. वय पंचावन्नच्या घरात, कोपरापर्यंत पीठ, आणि हसणे असे की काचेच्या दाराबाहेर ऐकू यावे. दर गुरुवारी संध्याकाळी जयप्रकाशराव तिच्यासमोर वही उघडून बसत आणि ती त्यांना तुर्की शिकवीत असे. ही बातमी श्रेयाने आणली. त्यानंतर आमच्या घरातला पाव दर गुरुवारी संध्याकाळी संपू लागला.

"आई, मी आणते ना खाली जाऊन," श्रेया म्हणे.

"तुला ताजा-शिळा कळत नाही."

मी काचेतून पाहत असे. ती ओठांचा चंबू करून एखादा शब्द उच्चारी. तेही तसाच चंबू करीत. मग दोघे हसत. चौसष्ट वर्षांच्या गृहस्थाने भर बाजारात ओठांचा चंबू करावा!

एका गुरुवारी ते लिफ्टमध्ये भेटले.

"तुर्की कशासाठी?" मी विचारले.

"इझमिर या तुर्की बंदरातून आलेल्या जहाजांच्या पोटात शिरलो, बाईसाहेब, पण इझमिर पाहिलं नाही. आता रिटायर झालो. नेरमिनच्या भावाचं तिथे घर आहे, खोली देतो म्हणालाय. पुढच्या शुक्रवारी निघतोय."

"किती दिवस?"

"तीन आठवडे म्हणतोय... आवडलं तर पुढचं पुढे. तिकीट एकाच बाजूचं काढलंय."

एकाच बाजूचे! माझ्या छातीत काहीतरी खाली उतरत गेले. लिफ्ट मात्र वर चालली होती.

"आवडायची सोय नेरमिनबाईंनी केलेलीच असेल."

ते माझ्याकडे पाहतच राहिले. "बाईसाहेब... तुम्ही रागावलात?"

"मला तेवढा वेळ नाही. सातवा मजला आला."

"मी चौथ्यावर उतरणार होतो," ते हळूच म्हणाले.

शुक्रवारी सकाळी श्रेयाने खिडकीतून पाहिले. "आई, बांदेकरकाकांची टॅक्सी आली. दही-साखर न्यायची ना?"

"त्यांच्या हातावर साखर ठेवणारे पुष्कळ आहेत."

"एकच आहे," श्रेया म्हणाली, "आणि तिला आपली पद्धत ठाऊक नाही."

मी वाटी घेऊन खाली गेले. थंडगार लिफ्टमधून बाहेर दमट हवेत पाऊल टाकताच चष्म्यावर धुके दाटले. त्या धुक्यात टॅक्सी निघाली, आणि तिच्यामागे नेरमिन धावली. हीसुद्धा निघाली की काय त्यांच्याबरोबर? मी पदराने चष्मा पुसला. तिच्या हातात सामान नव्हते. पाण्याने भरलेली काचेची सुरई होती, आणि ती त्या गाडीमागे ओतण्यासाठी तिने उचलली होती.

मी तिचे मनगट धरले.

"खबरदार! जानेवाले के पीछे पानी? हमारे यहाँ आदमी निकला तो फर्श भी नहीं पोंछते. पानी तब डालते हैं जब... जब वो लौटनेवाला नहीं."

नेरमिन आधी दचकली आणि मग हसून इथल्या बाजारात चालणाऱ्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "नहीं, नहीं! हमारा उल्टा. सु गिबी गित, सु गिबी गेल. पानी जैसा जाओ, पानी जैसा आओ. पानी रुकता नहीं ना? रास्ता खुला. जो औरत इंतजार करेगा, वो डालता."

"म्हणजे तुम."

"मैं? मैं पाव बेचता!" तिने कपाळाला हात लावला, तिथे पीठ लागले. "उसका घर में कोई नहीं, इसलिए मैं आया. एक घंटा क्लास, आधा घंटा सातवाँ माला, सातवाँ माला! मैं बोला, उसको बोलो. वो बोला, डर लगता."

गाडी कोपऱ्यावरच्या वळणाशी वेग कमी करीत होती. मी दह्याची वाटी तिच्या हातात दिली आणि सुरई घेतली. जन्मभर जे अशुभ मानले, ते मी भर रस्त्यात, खिडकीतून पाहणाऱ्या सुनेच्या डोळ्यांदेखत केले. सारे पाणी एका फटक्यात ओतले.

"सु गिबी गित!" मी म्हणाले. आणि मग त्याहून मोठ्याने, "सु गिबी गेल!"

गाडीचे मागचे दिवे लाल झाले. जयप्रकाशराव उतरले आणि ओल्या रस्त्यावरून चालत आले. निघालेल्या माणसाने माघारी वळू नये, हे त्यांना ठाऊक होते. तरी ते आले.

"बाईसाहेब... हे मला म्हणालात?"

"रस्ते धुण्याची मला हौस नाही."

"दुसरा अर्धा भागसुद्धा?"

"तोच मोठ्याने म्हटला... ऐकू आला नाही?"

त्यांनी हात तेवढा पुढे केला. मी नेरमिनच्या हातातल्या वाटीतले दही त्यांच्या तळहातावर ठेवले. माझी बोटे तिथून लगेच निघाली नाहीत, आणि त्यांनीही घाई केली नाही.

"परतीचं तिकीट विमानतळावर पोचायच्या आत काढतो," ते म्हणाले. "बाविसाव्या दिवशी—"

"तीन आठवडे म्हणजे एकवीस."

"एकवीस," त्यांनी मान झुकवून मान्य केले.

"यल्ला, यल्ला!" ड्रायव्हर घाई करीत ओरडला. ते गाडीत बसले, आणि नेरमिनने उत्साहाने हात वर करून हलवायला सुरुवात केली.

मी तिचा हात धरून हळूच खाली केला.

"अब बस," मी म्हणाले. "ये मेरा काम है."