भुयारातली त्रोफिमेना

नेपल्सच्या सानिता भागात चर्चच्या पायऱ्यांपाशी आमच्या गाड्या लागतात. पर्यटकांना हॉटेलात सोडून आलो की आम्ही ड्रायव्हर पोरं तिथे भाजलेले चेस्टनट खात बसतो. गेल्या आठवड्यात एका रात्री गल्लीतले दिवे गेले होते. रोक्को म्हणाला, "उद्या माझे पाहुणे हाडांचं भुयार बघणार आहेत. एखादी कवटी पकडतो आणि तिची चमचमीत गोष्ट रचतो. काय?"

आनिएल्लोकाका आमच्यात सगळ्यात जुने ड्रायव्हर. चेस्टनट सोलता सोलता त्यांचा हात थांबला.

"गोष्ट रच," ते म्हणाले. "नाव देऊ नकोस."

"का? नावाशिवाय काय मजा?"

काकांनी हातातला चेस्टनट खाली ठेवला. मग त्यांनी सांगितलं ते असं.

"तीन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. महिन्यातला दुसरा सोमवार. सकाळी मी बंदरावर गाडी घेऊन गेलो. जहाजातून आलेले दहा-बारा परदेशी पाहुणे होते, त्यांना दिवसभर शहर दाखवायचं होतं. गाइड होता आपला प्रोफेसर."

"प्रोफेसर? कुठल्या कॉलेजात?"

"कॉलेजचं फाटकसुद्धा बघितलं नव्हतं रे, प्रोफेसर आम्हीच म्हणायचो. पण प्रश्न विचारला आणि त्याच्याकडे उत्तर नाही, असं कधी झालं नाही. पाहुण्याने विचारावं, हा दगड कोणी बसवला? हा लगेच गवंड्याचं नाव सांगणार, गाव सांगणार, वर त्याची बायको कोणाबरोबर पळाली तेही. 'मला माहीत नाही' हे शब्द मी त्याच्या तोंडून ऐकले नाहीत. गाडीत मी चिडवायचो, 'अरे, देवालासुद्धा एवढं माहीत नसेल.' तो म्हणायचा, 'देवाला कुठे पाहुणे सांभाळायचे असतात?'

"त्या दिवशी तर स्वारी हवेत होती. येत्या रविवारी लग्न होतं त्याचं, कपडे शिवणाऱ्या अदेलिनाशी. दोघंही चाळिशी ओलांडलेली. बिचारीने त्याच्यासाठी फार वाट बघितली होती. नव्या घराला त्यानेच रंग दिला होता. अजून नखात रंग दिसायचा.

"किल्ला बघून झाला. पाहुणे फोटो काढत होते, आम्ही समोरच्या बारमध्ये उभ्याउभ्या कॉफी मागितली. बारवाल्याने माझ्यापुढे कॉफी ठेवली आणि प्रोफेसरपुढे गार बदामाचं दूध.

"'हे कोणी मागितलं?'

"'तुमच्या बाईंनी. आत्ताच सांगून गेल्या.'

"'अदेलिनाने? ती तर दुकानात आहे.'

"'मला काय ठाऊक? अनवाणी होत्या. एवढ्या थंडीत!'

"प्रोफेसर हसला. म्हणाला, लग्नाआधीच बायकोची हेरगिरी सुरू झाली. पण दुधाला त्याने हात लावला नाही. गाडीत बसल्यावर मी विचारलं, 'काय झालं?' तेव्हा म्हणाला, 'काही नाही. ते दूध माझ्या गोष्टीतलं आहे.'

"आता ती गोष्ट ऐका. भुयारात जुन्या साथीत मेलेल्यांच्या हजारो कवट्या आहेत. कोण कुठला, कोणालाच माहीत नाही. आपल्या म्हाताऱ्या त्यातली एक निवडतात, पुसतात, मेणबत्ती लावतात, तिच्याकडे मागणं मागतात. तुमच्या आज्या हेच करायच्या. सोमवार मेलेल्यांचा. आणि कवटीला नाव आपण द्यायचं नसतं. तिला वाटलं तर ती स्वप्नात येऊन सांगते.

"आमच्या गल्लीतल्या रेस्तितुता मावशींनी अशीच एक कवटी सांभाळली होती. पुसून पुसून हस्तिदंतासारखी केली होती. तिने नाव कधी सांगितलं नाही. मावशी म्हणायच्या, 'लाजाळू आहे माझी पोर. स्वप्नात येते, पण नुसते पाय दिसतात.'

"प्रोफेसरला सगळ्या भुयारात तीच चकचकीत दिसली. उन्हाळ्यात त्याने तिला नाव दिलं, त्रोफिमेना. म्हणे ही बाई मत्सरी. लग्नाच्या आठवड्यात हिने नवऱ्या मुलाला बदामाच्या दुधातून विष पाजलं. लोकांनी हिला कफनसुद्धा घातलं नाही, अनवाणीच इथे आणून फेकलं. पाहुण्यांच्या अंगावर काटा यायचा. मावशी फक्त सोमवारी जायच्या आणि हा सोमवार टाळायचा. म्हणून इतके महिने त्यांना पत्ता नव्हता.

"दुपारी जेवायला बसलो. टेबलाच्या टोकाला, प्रोफेसरच्या खुर्चीसमोर, आधीच पेला भरून ठेवलेला. पांढरा. वाढणारा पोरगा म्हणाला, 'बाई म्हणाल्या, हा नवरदेवाचा.' प्रोफेसरने पेला उचलला आणि खिडकीतून ओतून दिला. पाहुण्यांना वाटलं, इकडची काही रीत असेल. त्यांनी टाळ्या वाजवल्या."

आमच्यातला मिम्मो हसला. बाकी कोणी हसलं नाही.

"संध्याकाळी भुयार. मी त्याला म्हटलं, आज राहू दे. तो म्हणाला, 'जहाज उद्या सकाळी सुटतंय. लोक याच्यासाठीच आलेत.' आत मेणबत्त्या पेटलेल्या. मावशी आपलं फडकं घेऊन उभ्याच. प्रोफेसर अडखळला. पण पाहुणे त्याच्या तोंडाकडे बघत होते रे... आणि त्याने सुरू केलं. त्या दिवशी तर जास्तच रंगवलं. एका खुनाचे त्याने दोन केले.

"मावशींना ती परकी भाषा कळेना. पण बोट कोणाकडे आहे ते दिसत होतं. 'त्रोफिमेना, त्रोफिमेना' ऐकू येत होतं. त्यांनी मला विचारलं, 'काय म्हणतोय हा?' मी सांगितलं. खोटं सांगायला हवं होतं का? मला सुचलं नाही.

"मावशी त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. 'तू हिला नाव दिलंस?'

"'अहो मावशी, पाहुण्यांना काहीतरी सांगावं लागतं. मेलेल्यांना काय फरक पडतो?'

"'मी जन्मभर हिला नुसतं पोर म्हटलं. वाट बघितली. तू नाव दिलंस ते दिलंस, वर विष दिलंस हिच्या हातात! हिच्याकडे स्वतःचं काही होतं का रे? आता हिला एवढंच माहीत आहे. आली होती ना तुझ्याकडे?'

"प्रोफेसरचा चेहरा पांढरा पडला. तेवढ्यावरून त्या समजल्या.

"'पाहुण्यांना सोड आणि परत ये. सोमवार संपायच्या आत. हिच्यासमोर उभा राहा आणि म्हण, बाई, तू कोण, मला माहीत नाही. एवढंच. पुढे एक शब्द नाही.'

"आम्ही परत गेलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. चावी मावशींनी रखवालदाराकडून मागून घेतली होती. आत एकच मेणबत्ती. छतावरून पाणी ठिबकत होतं.

"प्रोफेसर उभा राहिला. टोपी काढली.

"'बाई...'

"थांबला.

"'बाई, तू कोण...'

"मी मनात म्हणतोय, बोल. तीनच शब्द आहेत. बोल ना.

"त्याने इकडेतिकडे बघितलं. आणि मग त्याचा आवाज चढला. तोच, पाहुण्यांसमोरचा. 'तू त्रोफिमेना नव्हतीस! तू एक गरीब, निष्पाप पोर. फुलं विकायचीस. तुझा नवरा मुलगा खलाशी होता...'

"'गप्प बस!' मावशी ओरडल्या.

"तो थांबेना. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. खरं पाणी. त्याला ते सगळं खरंच वाटत होतं. त्याने तिच्या खलाशाला बुडवलं, तिला किनाऱ्यावर रडवलं, मग हात जोडले.

"काही झालं नाही. मेणबत्तीसुद्धा हलली नाही. मावशींनी हातातलं फडकं खाली टाकलं. कवटीकडे पाठ केली. निघून गेल्या. त्या पुन्हा भुयारात कधी आल्या नाहीत.

"गाडीत प्रोफेसर खुशीत. 'बघितलंस आनिएल्लो? कसं हलकं वाटतंय!'

"'तू ते शब्द बोलला नाहीस.'

"'कोणते?'

"मी गाडी थांबवली. म्हटलं, परत जाऊ. तो म्हणाला, 'झोप आलीय. आणि तहान लागलीय. इतकी बडबड झाली.' मी म्हटलं, माझ्या घरी चल. तर मला म्हणतो, 'रविवारी नवरदेव होणारा माणूस तुझं घोरणं कशाला ऐकेल?'

"त्याच्या दारात सोडलं. नवं घर, दुसरा मजला. एकटाच राहत होता, अदेलिना लग्नापर्यंत आईकडे. मी खालीच थांबलो. स्वयंपाकघरात दिवा लागला. खिडकीत तो दिसला. कोट काढला. कॉलर सैल केली.

"मग... बाजूने एक हात आला."

कोणीतरी घड्याळ बघितलं. काका थांबले. मग अगदी हळू बोलले.

"बाईचा हात. कोपरापर्यंत. पेला धरलेला.

"त्याने वळूनही बघितलं नाही. आपल्याच माणसाकडून घ्यावा तसा घेतला. मी ओरडलो, 'प्रोफेसर! पिऊ नको!' त्याने खाली बघितलं. मला हात केला. आणि प्यायला.

"सगळा.

"दिवा गेला.

"मी घंटी दाबली. दार बडवलं. शेजारी उठले. कोणीतरी पहार आणली. दाराला आतून कडी होती. तो खुर्चीत बसलेला... डोळे उघडे. दुसरं कोणी नाही. पेला नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. मीही तेच म्हणतो. लोकांना."

रोक्कोने विचारलं, "आणि अदेलिना?"

"तिने कबरस्तानातल्या भिंतीत त्याच्यासाठी संगमरवराची पाटी बसवली. नाव कोरलं, तारीख कोरली. पुढच्या सोमवारी गेलो तर तारीख होती, नाव नव्हतं. घासलेलं नाही, फोडलेलं नाही. गुळगुळीत. कारागिराने शपथ घेतली, मी कोरलं होतं. पुन्हा कोरलं. पुन्हा गेलं. तिसऱ्या वेळी तो छिन्नी घेऊन उभा राहिला आणि अदेलिनाला म्हणाला, 'बाई, नाव सांगा.'

"ती तोंड उघडून उभी, नाव आठवेना. मी उभा. मी नऊ वर्षं त्याच्याबरोबर गाडी चालवली रे..."

"मग काय नाव होतं?" मिम्मोने विचारलं.

काका त्याच्याकडे बघत राहिले. ओठ हलले.

आज सकाळी रोक्को आणि मी कबरस्तानात जाऊन आलो. पाटी तिथेच आहे. खाली तारीख आहे. वरचा दगड कोरा आहे, आणि इतक्या थंडीतही हाताला उबदार लागतो, नुकतंच कोणी फडक्याने पुसून गेल्यासारखा.