डाव्या बाजूचा झोल

अंगणातली लाइट गेली तसे सर्जेराव बाजेवर नीट मांडी घालून बसले. "लाइट येईपर्यंत पुंजारामचं सांगतो," ते म्हणाले. "माझ्यासंगं कंपनीत होता, मग गॅरेज टाकलं. खोटं बोलायची त्याला अक्कलच नाय."

त्यांचा मुलगा अतुल हसला. नवी सून अमृता उंबऱ्याशी शेंगा सोलत होती. अंधारातही तिचा हात थांबला नाही.

गेल्या साली तुळशीचं लग्न लागल्यावरची चौथी रात्र. पुंजाराम सुताराकडून सागवानी पाट घेऊन निघाला होता. सकाळी त्याच्या पोरीची, मोनालीची, हळद. पाट स्कूटरवर पायाशी उभा करून तो घराऐवजी वाळूजला गॅरेजकडं वळला. तिथं एका हॉटेलवाल्याची जुनी डॉज मोटार उभी होती. चेसिस सरळ करून दे, पोरीची वरात हिच्यातूनच काढू, असा शब्द मालकानं दिलेला. पुंजारामच्या बायकोनं, सुरेखानं, ते भावकीत दारोदार सांगून टाकलं होतं. म्हणजे आता सुटका नव्हती.

चेसिसचे, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याचे, लांब दांडे दोन. त्यातला डावा मागच्या सीटखाली वाकलेला. ठोकर म्हणावी तर पत्र्यावर ओरखडा नाही. दांडा नुसता झोल खाऊन होता, जुन्या बाजेसारखा. आधीच्या आठवड्यात पुंजारामनं तो दिवसा तापवून, खालून जॅक लावून सरळ केला, दोरा ताणून पाहिला. सकाळी बघतो तर परत खाली. पुन्हा सरळ केला. पुन्हा खाली.

"लोखंड थकलं असंल," अतुल म्हणाला.

"मग दिवसा का थकत नव्हतं रं?"



त्या रात्री सीटा काढून कोपऱ्यात ठेवलेल्या. गाडी रिकामी. पुंजाराम खाली उताणा पडून बॅटरीच्या उजेडात दोरा बघत होता. दोरा आणि दांडा अगदी जुळलेले. मग त्याच्या डोळ्यांदेखत दोघांत फट पडली. दांडा खाली आला. हळूच. वर कुणीतरी... टेकल्यासारखा.

तो बाहेर आला. आत पाहिलं.

कुणी नाही.

मोनाली बसणार होती ती तिथंच. डावीकडं, खिडकीशी.

"पळाला असता तर बरं होतं," सर्जेराव हळू म्हणाले.

पुंजारामनं हात जोडले. "जे कुणी असाल... उतरा. परवा माझ्या लेकीला बसायचं हाय तिथं."

लांबून शिफ्टची बस गेली. दांडा खालीच.

आणि इथं जन्माची सवय नडली. बसल्या माणसाला नुसतं उठ म्हणू नये, दुसरी जागा द्यावी, हे त्याच्या अंगात मुरलेलं. पाट हाताशीच होता. त्यानं तो गमछ्यानं पुसला. फरशीवर मांडला.

"इथं टेका," म्हणाला.

डॉज करकरली. डावी बाजू उचलली गेली. दांडा दोऱ्याला लागला.

मग पाट वाजला. एकदाच.

पाट घेऊन घरी येताना स्कूटर चढाला ओढेना. प्लग खराब झाला असंल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. सकाळी बायकांनी रांगोळी काढून पाट मांडला, तर त्याचं पोट खाली गेलेलं, दांड्यासारखाच झोल. नवाकोरा, जाड साग. लाकूड असं वाकत नाही, मोडतं. सुरेखानं सुताराचा उद्धार केला. पुंजारामनं मोनालीला पाटावरून ओढून सतरंजीवर बसवलं. पाव्हणे हसले. हसू दे. वरात डॉजमधून निघाली, सुखरूप पोचली. तो दांडा आजतागायत सरळ आहे.

"अन् पाट?" अमृतानं विचारलं. रात्रभरात ती पहिल्यांदाच बोलली.

"जाळायचा धीर होईना, सूनबाई. मग त्यानं तो कोठीत पालथा घातला. पालथा म्हंजे झोल वर... कासवाच्या पाठीवानी. भाईरून कडी लावली. सकाळी मला बोलावलं. कडी मी काढली."

सर्जेराव थांबले.

शेंगांचा आवाजही थांबला होता.

"मग, मामंजी?"

"पाट पालथाच होता."

"...आणि झोल?"

"खाली."