जोडीतली खुर्ची

दुकानाच्या दारातून आधी वेताची खुर्ची आत आली, मग तिच्यामागून माणूस.

"ही ठेवून घ्या. कुणालाही देऊन टाका," तो धापा टाकत म्हणाला. शर्टाच्या खिशातून जमीन मोजायची टेप डोकावत होती.

भिजत घातलेल्या वेताच्या टपातून हात काढून तिने बैठकीवरची धूळ पुसली… आणि थबकली. डाव्या कडेला एकच तांबडी पट्टी. बाबांची खूण! जोडखुर्च्या विणताना ते एका वेताचे दोन तुकडे करायचे. एक या खुर्चीच्या डाव्या कडेला, दुसरा तिच्या जोडीदारणीच्या उजव्या. शेजारी ठेवल्या की तांबड्याला तांबडं भिडायचं. बाबा गेल्यापासून ते तांबडं पुन्हा दिसलं नव्हतं.

"दुसरी कुठाय?"

"घरी. मला एक पुरते. कमीत कमी सामानात राहून बघतोय सध्या. रोज लागत नाही ते बाहेर."

"अस्सं! आणि कुणी आलं म्हणजे? त्याने काय भिंतीला टेकून उभं राहायचं?"

"कुणी येत नाही," तो सहज बोलून गेला.

तिने मान वर करून पाहिलं. तेवढ्यात स्वारी रस्त्यावर.

"माझ्या बाबांनी बांधलेली जोडी फोडतोय मेला!" ती आत्यावर उखडली.

"मेला दिसायला बरा आहे गं," गल्ल्यावरून आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो दिवा घेऊन आला. तिसऱ्या दिवशी फुलदाणी. मग आरसा.

"हे वेताचं दुकान आहे, तुमची अडगळीची खोली नाही!"

"माहितीये."

"मग इथंच का?"

"भंगारवाला घेतो, पण… ओरडत नाही."

रागाने तिची वीण चुकली. चार ओळी उसवाव्या लागल्या. तो उंबऱ्यावर टेकून उसवणाऱ्या बोटांकडे बघत राहिला… अगदी बारकाईने, हद्द आखताना बघावं तसा.

"जमिनी मोजता ना? मग माझी बोटं नका मोजू!"

"दहाच आहेत. कमी करायला जागा नाही."

आत्या खोकल्याच्या निमित्ताने हसली. हिचे कान मात्र लाल.

अकराव्या दिवशी तो रिकाम्या हातांनी आला.

"आज काय टाकायला आलात?"

"काही उरलंच नाही…" तो घुटमळला. "म्हणजे आता यायला कारणही—"

वाक्य तिथेच टाकून तो निघून गेला.

तेरावा दिवस गेला, चौदावाही. दारात सावली पडली की हिची मान वर, आणि मान वर गेली म्हणून स्वतःवरच संताप.

"ती खुर्ची एका बाईंना आवडलीय," आत्याने हळूच सोडलं. "संध्याकाळी न्यायला येतील."

"तू हो म्हणालीस?"

"का नाही म्हणू? तुझा काय जीव अडकलाय तिच्यात? की… खुर्चीत नाहीच अडकलेला?"

तिने खुर्ची उचलून डोक्यावर घेतली. पाण्याच्या टाकीमागचं घर, असं तो कधीतरी बोलला होता. भर दुपारी, तावातावाने, दोन गल्ल्या ओलांडून तिने ते उघडंच दार ठोठावलं.

खोली अशी की आवाज घुमावा. एक चटई, एक ताट, एक कप. खिडकीशी एक खुर्ची. आणि तिच्या बाजूला फरशीवर चार पायांचे चार फिकट डाग.

"बसा ना," तो गडबडून उठला.

"आणि तुम्ही उभे राहणार? एकाने बसायचं, एकाने उभं राहायचं… हेच का तुमचं मोजमाप? काय मिळवलंत एवढं सगळं घालवून?"

तो त्या डागांकडे बघत राहिला.

"हा प्रयोग फसला," तो म्हणाला. "दिवा आठवला नाही, आरसा आठवला नाही. पण या रिकाम्या जागेला रोज वळसा घालून जातो. आणि संध्याकाळी… पाय तुमच्या दुकानाकडे वळतात. तुम्ही तेवढ्या काही केल्या कमी होत नाही."

तिने खुर्ची दाणकन त्या चार डागांवर ठेवली. तांबड्याला तांबडं भिडलं. डोळे भरून आले, म्हणून ती आणखीच चिडली आणि धपकन बसली.

"चहा करा आता! उन्हातून आलेय."

"करतो. पण कप एकच आहे… धावत जाऊन दुसरा आणू?"

"काही गरज नाही!" ती खेकसली. मग खिडकीकडे तोंड वळवून, तेवढ्याच घुश्शात म्हणाली, "खुर्च्या दोन हव्यात. कप… एकच राहू दे."