काडीची झडती

मोबाईल खाली ठेवणार असाल तर सांगतो. आणि मध्येच "मग काय झालं, मग काय झालं" करायचं नाही. हे मला बंदूकमामांनी स्वतः सांगितलंय, याच पायरीवर बसून. तो माणूस थापाड्या नाही. थापा मारता आल्या असत्या तर एव्हाना कुठल्या कुठे पोचला असता.

बंदूकमामा त्या मोठ्या दुकानाचे बंदूकधारी वॉचमन. वर चार मजले, खाली तळघरात गोदाम. दिवसपाळी असली की मामा पुढच्या दारात उभे. दुनळी बंदूक, पण एवढ्या वर्षांत एकदाही उडाली नव्हती. शेंबडी पोरं तिच्याशेजारी उभी राहून फोटो काढून घ्यायची. रात्रपाळीला मात्र मामांना मागच्या पोलादी दाराबाहेर बसवत. अशा दुकानांना चोरांची भीती कमी आणि आपल्याच माणसांची जास्त. माल लावणारी पोरं सुटली की एकेकाची झडती घ्यायची. फरशीवर दोन पिवळी पावलं रंगवलेली होती. त्यांच्यावर उभं राहायचं, हात पसरायचे. मामा बगलेपासून कमरेपर्यंत चाचपायचे आणि मग म्हणायचे, "जा." मॅनेजर असो नाहीतर झाडूवाला, त्याशिवाय कुणी हलायचं नाही. मामा म्हणायचे, "बंदूक खांद्याला आणि हात लोकांच्या खिशाला. ही आमची मर्दुमकी!"

त्याच गोदामात त्यांचा भाचा कामाला होता. धाकट्या बहिणीचा एकुलता एक. अंगानं इतका किडकिडीत की सगळे त्याला काडीच म्हणत. बाप लवकर गेलेला, म्हणून मामांनीच शब्द टाकून त्याला चिकटवला होता. बहीण म्हणायची, "दादा, दारात तू असतोस म्हणून मला झोप लागते." काडीला झडतीत भयंकर गुदगुल्या व्हायच्या. मामांचा हात बगलेला लागायच्या आधीच हा वाकडातिकडा होऊन खिदळायला लागायचा. मागची रांग खोळंबायची, मामा खोटंखोटं खेकसायचे. रोजचा तमाशा.

नोव्हेंबरातला तिसरा शुक्रवार. संध्याकाळी मामा कामावर निघाले, तर बहीण डबा घेऊन उभी. पोरगा घरीच विसरून गेला होता.

"तेवढा दे त्याला. आणि सांग, उगाच उंचावर चढत जाऊ नकोस म्हणावं."

मामांनी डबा दिला, निरोपही दिला. काडी म्हणाला, "मामा, उद्यापासून सेल आहे. चढलो नाही तर माल काय स्वतःहून वर जाऊन बसणार?" आणि डबा बगलेत मारून खाली पळाला. ढगळ निळा शर्ट, एकात दोघं मावतील असा. त्याच्या मापाचा शर्ट दुकानाकडे नव्हताच.

रात्री एक वाजून चाळीस मिनिटांनी वीज गेली.

एरवी जनरेटर लगेच धडधडायचा. त्या दिवशी नाही. टॉर्च नेमका केबिनमध्ये राहिलेला, मोबाईल टेबलावर कुठेतरी. मामा स्टुलावरून उठले. स्वतःचा हात दिसेना असा काळोख. चाचपडत दोन पावलं टाकली आणि थबकले. पिवळ्या पावलांवर कुणीतरी उभं होतं.

"कोण रे?"



मामांनी हात पुढे केले. शर्ट लागला. ढगळ.

"काडी? इतक्यात सुटलास?"

हात पसरलेले होते.

मामांनी सवयीनं चाचपायला घेतलं. बगलेपासून खाली, कमरेपर्यंत. तळव्यांना काहीतरी भुरभुरीत लागलं, पिठासारखं. पोरगा हसला नाही. मामांनी मुद्दाम बरगड्यांवरून बोटं फिरवली.

हसला नाही.

"रुसलास होय रे?"

...

बरगड्या हाताखाली होत्या. पण वर-खाली होत नव्हत्या. आणि गार... दगडासारख्या गार.

मामांचा हात बंदुकीच्या पट्ट्याकडे गेला. तिथेच थांबला. रोखायची कुणावर? बहिणीच्या पोरावर?

तो उभा होता. हात पसरून. वाट बघत.

मग मामांच्या तोंडून सवयीनंच निघालं...

"जा."

हाताखाली शर्ट उरला नाही. पावलं वाजली नाहीत.

आणि मग मामांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दार उघडल्याचा आवाज आलाच नव्हता. ते पोलादी दार मामांनी बटण दाबल्याशिवाय उघडत नसे. वीज नसताना तर नाहीच नाही.

टेबलावर मोबाईल वाजला. मॅनेजर, आतून. "मामा, गोदामात रॅक कोसळलाय. विजेच्या तारांवरच पडला. काडी खाली अडकलाय."

"मी आत येतो साहेब."

"कसे येणार? जनरेटर चालू होत नाहीये, दार उघडत नाही. माणसं बोलावलीत. तुम्ही जागा सोडू नका. बंदूक सोडू नका."

"साहेब, माझा भाचा आहे हो तो!"

"माहितीये, मामा. जागा सोडू नका."

मामांनी बंदुकीच्या दस्त्यानं दार बडवलं. ढिम्म. दाराला कान लावला. आत पोरं ओरडत होती, "धर... उचल... सगळे मिळून..." खोकी सरकत होती. कुणीतरी काडीला हाक मारली. परत मारली.

मग कुणीच बोललं नाही.

मला सांगताना मामा म्हणाले, "एवढी मोठी बंदूक घेऊन उभा होतो मी. आणि नुसता रडत होतो."

दिवे आले तेव्हा त्यांनी आपले तळवे पाहिले. पांढरेफटक. कपडे धुण्याच्या पावडरीचा वास येत होता.

काडीवर पावडरीचीच पोती फुटली होती. केस, भुवया, बूट, सगळा पांढरा झाला होता पोरगा. डॉक्टर म्हणाले, रॅक पडला त्याच क्षणी गेला, त्रास झाला नाही. मामांच्या जिवाला मात्र एकच खात होतं. "मी 'थांब' म्हटलं असतं तर?" मी समजूत घातली, "अहो, डॉक्टर सांगतात ना, तो आधीच गेला होता." त्यावर मामा म्हणाले, "आधीच गेला होता, तर मग माझी परवानगी कशाला मागायला आला?"

मी नुसता त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

आठवड्याभरानं दवाखान्यातून कपड्यांची पिशवी आली. बहिणीनं मामांसमोरच उघडली. शर्ट पांढरा, कडक झालेला. तिनं तो मांडीवर पसरला आणि हात फिरवता फिरवता थांबली. दोन्ही कुशींना, बगलेपासून कमरेपर्यंत, एकेक पट्टा स्वच्छ निळा होता. कुणीतरी पुसून काढल्यासारखा. बाहेर काढणाऱ्या पोरांना तिनं बोलावून विचारलं. पोरं शपथेवर म्हणाली, "मावशी, आम्ही पाय धरून ओढलं त्याला. तिथे हातसुद्धा लावला नाही."

पोरं गेली. बहीण मामांकडे बघत राहिली. मग तिनं त्यांचा उजवा हात धरला, उघडला आणि त्या निळ्या पट्ट्यावर ठेवला.

पंजा बरोबर बसला. बोट न् बोट.