रिकाम्या दाराचा चेहरा

दुपार कलली होती. तिच्या पाठच्या भावाने एका विकाऊ घराचं चित्रीकरण केलं होतं, ते ती संगणकावर लावून घेत होती. तो कॅमेरा धरायचा, ती कापाकापी करायची. पण कॅमेरा चालू केला की बंद करायचं त्याला सुचेल तर शपथ! त्यामुळे लांबच लांब क्लिपांचा नुसता उकिरडा. तो निस्तरायची तिची रीत ठरलेली: आधी खोलीगणिक फोल्डर, मग वेळेप्रमाणे रांग, शेवटी चेहऱ्यांवरून वाटणी. वाटणी सॉफ्टवेअरच करायचं. चेहरा दिसला की भोवती चौकट, आणि एका चेहऱ्याच्या सगळ्या क्लिपा एका ढिगात. घरचे व्हिडिओही तिने असेच लावून ठेवले होते.

हे घर तर ओस होतं. तरी एक ढीग झाला. वर नाव आलं, ‘अनोळखी’.

तिने उघडला. रिकामा दिवाणखाना, पलीकडच्या दाराभोवती इवलीशी चौकट. आत कुणी नाही.

“या सॉफ्टवेअरचे डोळे तपासायला हवेत,” ती हसली. पण क्लिपा ओळीने पाहू लागली तसं हसू विरलं. चौकट मोठी होत होती. दारात... जिन्याशी... मग थेट कॅमेऱ्यासमोर. शेवटी भावाचा दबका आवाज, “कोण आहे?” आणि पुढे काळोख.

चित्रीकरणाच्या दिवसापासून भाऊ गप्प गप्प होता. आई म्हणाली होती, ऊन बाधलं असेल.

पडद्यावर प्रश्न उमटला. ही दोन्ही माणसं एकच आहेत का? एका बाजूला ते रिकामं दार. दुसऱ्या बाजूला भाऊ.

“हो म्हण...”

ती दचकली. भाऊ पाठीमागे उभा होता. बंद घराचा कुबट वास येत होता.

“कधी आलास रे?”

“हो म्हण ना... किती वेळ लावतेस.”

त्याची पापणी लवत नव्हती. तिने ‘नाही’ दाबलं. तो वळला आणि स्वयंपाकघरात आईकडे गेला.

ढीग आपोआप पुन्हा लागले. भावाचे लहानपणापासूनचे व्हिडिओ जागच्या जागी राहिले. त्या घरानंतरचे मात्र, अगदी सकाळी आईने कौतुकाने काढलेलासुद्धा, एकेक करत रिकाम्या दाराच्या ढिगात जाऊन बसले.

“अगं, इकडे ये जरा...” आतून आईची हाक आली. आवाज कापत होता. “हा माझ्याकडे असा काय बघतोय?”