कोशिंबिरीत दाणा आला कुठून?

तोंडाशी आलेला घास एका यंत्राने माझ्या हातातून काढून घेतला. मी त्या यंत्राला कधीच माफ करणार नव्हते. निदान तासभर तरी.

यंत्राचं नाव रसना. आमच्या 'जलमयूरी' जहाजावरची ती स्वयंपाकीण. तोंड पोळपाटासारखं गोल, हात चार आणि पायांऐवजी चाकं. वाढलेलं प्रत्येक ताट ती आधी तपासायची. तिच्या करंगळीतून एक बारीक सुई बाहेर यायची, एकेका पदार्थाला टेकायची आणि कपाळावर हिरवा दिवा लागायचा. पहिल्याच दुपारी माझ्या वरणाला हिरवा लागला, भाताला हिरवा, बटाट्याच्या भाजीला हिरवा. मला कुठला दम निघतोय! कोशिंबिरीची पाळी यायच्या आत मी पोळीचा तुकडा तिच्यात बुडवून उचललासुद्धा. तेवढ्यात सुई कोशिंबिरीला टेकली, दिवा लाल झाला आणि रसनाने माझं मनगट धरून घास काढून घेतला.

"थांब, शाल्मली. या कोशिंबिरीत शेंगदाणा आहे."

बाबाचा हात कमरेच्या पाऊचकडे गेला. त्यात माझं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन असतं, म्हणजे माझा श्वास अडकलाच तर लगेच मांडीत टोचायचं औषध. ते लागलं नाही. बाबाने माझे हात साबणाने दोनदा धुतले आणि मग तो खुर्चीत मटकन बसला.

तुम्हाला सांगायला हवं. मी तीन वर्षांची असताना कुणीतरी प्रेमाने मला शेंगदाण्याचा अर्धा लाडू भरवला होता. दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या आणि श्वास अडकला. तेव्हापासून आठ वर्षं, लग्न असो की बारसं, सगळे पंगतीत आणि मी कोपऱ्यात घरचा डबा उघडून. तुम्हाला वाटेल, हिला जिलेबी हवी असणार. छे! मला आग्रह हवा होता. वाढणारा "माझ्यासाठी एक तरी" म्हणत येतो आणि जेवणारा ताटावर दोन्ही हात आडवे धरून "नको, नको" ओरडतो ना, तसं मला एकदा ओरडायचं होतं. डबा खाणाऱ्याला कोण आग्रह करणार?

म्हणून तर ही सफर. आजोबांची पंच्याहत्तरी होती आणि बेबीआत्याने, म्हणजे बाबाच्या मोठ्या बहिणीने, सगळा बेत आखला होता. रत्नागिरीहून लक्षद्वीप, सहा दिवस. "तुमच्या स्वयंपाकघरात शेंगदाणा असतो का?" हे तिने जहाजाच्या कचेरीला फोन करकरून विचारलं होतं, तेव्हा कुठे तिकिटं काढली. जहाजावर शेंगदाण्याला मज्जाव होता. माझ्या रक्ताचा नमुनाही महिनाभर आधी मागवून घेतला होता. कशाला, ते काही मला तेव्हा कळलं नव्हतं.

"यंत्रच बिघडलंय," आत्या कडाडली. "मी स्वतः आत जाऊन चव बघून आलेय. काकडी, दही, मीठ, साखर, मिरची. दाणा औषधालासुद्धा नव्हता!"

"यादीत दाणा नाही, हे खरं आहे," रसना शांतपणे म्हणाली. "पण वाडग्यात आहे."

जहाजाचा नियम कडक होता. दाणा कुठून आला ते सापडेपर्यंत मला जेवण बंद पाकिटातलं आणि तेही माझ्या खोलीत. नाही सापडलं तर सहाही दिवस तसंच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रडायचं नाही असं ठरवलं होतं, तरी आलं. आजोबांनी आपलं ताट पुढे सरकवून दिलं. "पोरगी पंगतीत बसेल तेव्हा मी जेवेन," ते म्हणाले.

तेव्हा जहाजाचे डॉक्टर केंजळे पुढे आले. पांढऱ्याशुभ्र मिशा आणि पायात रबरी चपला. शरीर रोगांशी कसं लढतं, याच्या संशोधनात त्यांनी उभी हयात घालवली होती. त्यांनी कोशिंबिरीचा वाडगा झाकून उचलला आणि मला म्हणाले, "यंत्र खोटं बोलतंय की खरं, ते बघायचंय का? चल. पण आधी बोटातून रक्ताचा एक थेंब द्यावा लागेल."

"घ्या," मी म्हणाले. "सगळं माझ्या या कच्च्या शरीरामुळेच झालंय."

"कच्चं?" डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. आणि ते जिना उतरायला लागले.

जहाजाच्या पोटात एक गोल खोली होती. भिंती, छत, जमीन, सगळं काचेचं. डॉक्टरांनी माझ्या रक्ताचा थेंब एका पट्टीवर ठेवला, पट्टी भिंतीतल्या फटीत सरकवली आणि दिवे मालवले.

आणि अहाहा! मी माझ्याच आत उभी होते.

माझ्या चहूबाजूंनी लाल चकत्या तरंगत होत्या, आमच्या जेवणाच्या टेबलाएवढ्या. त्यांच्यामधून एक जांभळट गोळा संथपणे पुढे आला. त्याच्या पोटात दाणेदार पुड्या भरलेल्या होत्या आणि अंगभर बारीक काटे होते. प्रत्येक काट्याचं टोक इंग्रजी वाय अक्षरासारखं दुभंगलेलं.

"ही तुझ्या रक्तातली एक पेशी," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. देवळात बोलतात ना, तसे. "हिच्या बहिणी तुझ्या नाकात, घशात, पोटात, कातडीखाली ठाण मांडून आहेत. आणि हे काटे म्हणजे प्रतिपिंडं (शत्रू ओळखण्यासाठी शरीराने घडवलेले रेणू). प्रत्येक प्रतिपिंडाच्या टोकाला एक खाच असते. त्या खाचेत ठरावीक आकाराची एकच वस्तू बसते. यातल्या पुष्कळशा खाचांत काय बसतं, सांग बरं?"

"शेंगदाणा?"

"शेंगदाण्यातलं प्रथिन (ज्याने शरीर बांधलं जातं तो अन्नातला घटक). आता बघ."

त्यांनी कोशिंबिरीच्या पाण्याचा सुईच्या अग्राएवढा अंश पट्टीवर सोडला. सुरुवातीला काहीच झालं नाही. मग कुठून तरी मोहरीएवढे करडे गोळे तरंगत आले. काकडीचे कण जांभळ्या पेशीला घासून निघून गेले. दह्याचेही गेले. पेशीने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आणि मग एक करडा गोळा आला, दोन शेजारच्या काट्यांमध्ये अडकला आणि खाचांत असा बसला की जणू त्याच्यासाठीच जागा राखून ठेवली होती.

पुढच्या क्षणी पेशी फुलली. तिच्या पोटातल्या पुड्या एकामागोमाग एक फुटल्या आणि चांदण्यांसारखे ठिपके सगळ्या खोलीभर उधळले. ते माझ्या डोक्यावरून, पायांखालून गेले. मला भीती वाटायला हवी होती. पण मी तोंड उघडं टाकून बघतच राहिले.

"ते ठिपके म्हणजे हिस्टामिन (धोक्याची हाक देणारं रसायन)," डॉक्टर म्हणाले. "थोडं असेल तर शिंका आणि खाज. एकदम खूप सुटलं की सूज येते, घसा आवळतो, श्वास अडकतो. आपली पट्टी शरीराबाहेर आहे, म्हणून तुला काही झालं नाही. शाल्मली, तू तो अर्धा लाडू कधी खाल्लास?"

"तीन वर्षांची असताना."

"तुला आठवतो?"

"नाही हो. आईने सांगितलेलं ठाऊक आहे."

"तुला आठवत नाही, पण हिला आठवतो. लाडू खाल्ला तेव्हा ही पेशी जन्मलीही नव्हती. अशा पेशी थोडेच दिवस जगतात. जुन्या जातात, नव्या येतात, आणि शरीर प्रत्येक नवीला तेच काटे देतं. आठ वर्षांत एकदाही विसरलेलं नाही. कोट्यवधी पेशी, अहोरात्र पहारा. याला तू कच्चं शरीर म्हणतेस?"

माझ्या आत एवढं सगळं चाललंय आणि मी तिकडे भूगोलाच्या तासाला जांभया देतेय!

"फक्त एक चूक झालीय," ते म्हणाले. "निरुपद्रवी दाण्याला त्यांनी शत्रू मानलंय. पहारेकरी दुबळे नाहीत, फार तत्पर आहेत. पाहुण्यालाच चोर समजून बदडतात."

"मग बाबाचे पहारेकरीही तसेच? तो बासुंदी प्यायला की त्याचं पोट ढोलासारखं वाजतं."

डॉक्टर खो खो हसले. "नाही गं. त्याची गोष्टच वेगळी. दुधातली साखर तोडायला एक विकर (पचनाची कात्री म्हण हवं तर) लागतं. त्याच्या पोटात ती कात्री कमी आहे. न तुटलेली साखर आतड्यात आंबते आणि वायू होतो. त्याला ॲलर्जी नाही, असह्यता आहे. दोन घोट बासुंदी त्याला कदाचित पचेलही, फार तर पोट वाजेल. तुला मात्र दाण्याचा कणही चालणार नाही. लोक दोन्हींना एकाच मापाने मोजतात आणि तिथेच घोटाळा होतो."

मग त्यांनी मला रसनाच्या सुईचं टोक भिंतीवर मोठं करून दाखवलं. त्याच्यावर काटे होते, दुभंगलेल्या टोकांचे. मी ते ओळखले!

"हे तर माझे!"

"तुझेच. तू पाठवलेल्या रक्तातून एक प्रतिपिंड निवडलं आणि त्याच्यासारखी लाखो घडवून सुईवर बसवली. दाणा खाचेत बसला की दिवा लाल. रसनाला नाक नाही, शाल्मली. ती तुझ्याच पहारेकऱ्यांनी हुंगते. आज तुझा हात धरला, तो एका अर्थी तूच."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. रसनाला मी तिथल्या तिथे माफ करून टाकलं.

"म्हणजे दाणा खराच होता. पण आला कुठून?"

"ते तूच सांग. तुमच्या घरी काकडीची कोशिंबीर कशी करतात?"

"काकडी चोचवायची, दही, मीठ, साखर, मिरची, मग आत्याच्या घरी वरून..." मी थांबले. आणि जिन्याकडे धूम ठोकली.

आत्या जेवणघराच्या दारातच उभी होती. सगळे गोळा झाले होते.

"आत्या, तू चव बघायला गेलीस तेव्हा कोशिंबिरीत कूट घातलंस?"

"घातलं की चमचाभर," ती सहज म्हणाली. "पर्समध्ये डबी असतेच माझ्या. अगं, कुटाशिवाय कोशिंबीर म्हणजे नुसतं काकडीचं पाणी! पण दाणा एकही नाही हं घातला, तुझी शपथ. मी काय वेडी आहे..."

आणि ती बोलायची थांबली. तिच्या तोंडावरचा रंग उतरताना मी पाहिला. चाळीस वर्षं ती रोज सकाळी दाणे भाजते, सोलते, कुटते आणि डब्यात भरते. पण एकदा डब्यात गेलं की तिच्या लेखी ते दाणे राहतच नाहीत. मीठ, हळद, तसं कूट. बाबा म्हणाला, त्यालाही विचारलं असतं तर सुचलं नसतं.

"आई गं," आत्या पुटपुटली. "मी... माझ्या हाताने..." तिने पदर तोंडाला लावला आणि हमसाहमशी रडायला लागली. मी तिला घट्ट मिठी मारणार, तर ती किंचाळून मागे सरली. "हात लावू नकोस! माझ्या हाताला कूट असेल!"

डॉक्टर म्हणाले, "शाबास बेबीताई, शिकलात! खरकटा हात आपण लोणच्याच्या बरणीत घालत नाही ना, तसंच हे. कुटाचा चमचा, कुटाचा हात, कुटाचा पदर, सगळं खरकटं समजायचं. भाजलं, तळलं तरी ते प्रथिन इतकं बिघडत नाही की पहारेकरी फसतील. साबणाने चोळून धुतलं की मात्र निघून जातं."

मग काय विचारता! आत्याने साडी बदलली, हात कोपरापर्यंत घासले. डबी डॉक्टरांच्या कपाटात बंद झाली. आजोबांसकट सगळ्यांनी हात धुतले. रसनाने टेबलं, पळ्या, चमचे धुऊन काढले आणि काकडी नव्याने चोचवली. ताट पुन्हा आलं. सुई टेकली. माझे पहारेकरी कामाला लागले होते, आता मला ठाऊक होतं. मी एक क्षण श्वास रोखून धरला.

हिरवा.

"डॉक्टर, या पहारेकऱ्यांना कधी समजावता येईल का? दाणा चोर नाही म्हणून?" मी विचारलं.

"आम्ही शिकवतोय," ते म्हणाले. "दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखाली, कणाकणाने. काही मुलांचे पहारेकरी ऐकायला लागलेत. घरी मात्र कुणी करून बघायचं नाही हं! तू मोठी होशील तोवर आम्ही खूप पुढे गेलेले असू. किंवा तूच आम्हाला पुढे नेशील."

मी पंगतीत बसले. एका बाजूला आजोबा, एका बाजूला बाबा. खिडकीबाहेर निळंशार पाणी. कोशिंबीर कुटाशिवायची होती आणि खरं सांगू, आत्या म्हणाली तशी ती थोडी पाणचटच होती. मी बोटं चाटून खाल्ली.

तेवढ्यात पुऱ्यांचं ताट घेऊन कुणीतरी माझ्यापुढे येऊन उभं राहिलं. आत्या. डोळे अजून लाल. तिने पुरी उचलली, मान वळवली आणि रसनाकडे पाहिलं. रसनाची सुई पुरीला टेकली. हिरवा. आता कुठे आत्याला धीर आला.

"माझ्यासाठी एक तरी," ती म्हणाली.

मी दोन्ही हात ताटावर आडवे धरले आणि जहाजभर ऐकू जाईल असं ओरडले, "नको, नको, पुरे!"

आत्याने माझे हात बाजूला केले आणि दोन पुऱ्या वाढल्या.